नव्या गाडीले गंज काऊन? रंगाखालची गोष्ट

2025 च्या सप्टेंबरात 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्या दसरा-दिवाळीला आमच्या दर्यापूर तालुक्यात ज्याच्या दारात पाहावं त्याच्या दारात झेंडूचा हार घातलेली नवी गाडी. आता त्या गाड्यांनी एक उन्हाळा आणि एक पावसाळा खाल्लाय, आणि माझ्या फॅब्रिकेशनच्या दुकानापुढं दर दोन दिवसांनी कोणीतरी गाडी उभी करतं आणि स्टँडकडं बोट दाखवतं. "पाहा ना भाऊ, सालभर नाही झालं अन् लाल झाली. भंगाराचं लोखंड वापरलं काय कंपनीनं?"

त्यातलीच एक गाडी माझ्या भाच्याची. तो शोरूममधे भांडायला गेला तर तिथल्या माणसानं गाडीकडं नीट न बघताच सांगितलं की तुम्ही गाडी धुत नाही. भाचा तणतणत माझ्याकडं. "मामा, मी तं दर रविवारी धुतो ना, बोअरच्या पाण्यानं, कपड्याचं पावडर टाकून!" मी डोक्याला हात लावला. म्हणजे शोरूमवाला खोटं बोलत होता, पण भाचा जे करत होता तेही गाडीला मीठ चोळण्यासारखंच होतं. हे असं कसं, ते जरा मुळापासून सांगतो, कारण मी स्वतः बारा वर्षं गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल रंगवतोय आणि गंजानं मलाही भरपूर शिव्या खायला लावल्यात.

आधी गंज म्हणजे काय ते

गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं ते कधी पाहिलं असेल तर आठवा, लालसर, मातकट. त्यात लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकाला धरून बसलेले असतात. भट्टीत कोळसा घालून त्यातला ऑक्सिजन हुसकून लावला की आपल्याला लोखंड मिळतं. म्हणजे लोखंड आपण जबरदस्तीनं वेगळं केलेलं असतं, आणि संधी मिळाली की ते परत ऑक्सिजनकडं पळतं, माहेरी निघालेल्या लेकीसारखं. हे पळणं म्हणजे गंज. लोखंड चांगलं की भंगार हा प्रश्न इथं फारसा येतच नाही, साधं चांगलं लोखंडही उघडं ठेवलं तर गंजणारच.

पळायला त्याला हवा लागते आणि पाणी लागतं, दोन्ही एकाच वेळी. ओल बसली की लोखंडाच्या अंगावर अगदी बारीक बारीक सेल तयार होतात, टॉर्चमधे असतात तसे. एका जागचं लोखंड विरघळत जातं, शेजारच्या जागी ऑक्सिजन आपलं काम करतो आणि मधलं पाणी वायरसारखं करंट वाहून नेतं. स्वच्छ पाणी ही तशी रद्दी वायर आहे. पण त्यात मीठ पडलं की तीच वायर तांब्याची झाली समजा.

घरातला तवा बघा, धुवून ओला ठेवला तर सकाळी लाल, तेलाचा हात फिरवून ठेवला तर महिनाभर काही होत नाही. वखराची पास वावरात चालते तोवर चांदीसारखी चकचकीत असते कारण माती तिला रोज घासते, आणि हंगाम संपून गोठ्याच्या भिंतीला टेकवली की पहिल्याच सरीत तांबडी.

हवेत ओलावा साधारण 60 टक्क्यांच्या खाली असला तर स्वच्छ लोखंड जवळपास गंजतच नाही. म्हणून आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा 45 वर असतो तेव्हा गंज झोपलेला असतो. त्या दिवसात ऊन रंगाला भाजून काढतं, वरचा पारदर्शक थर कडक होतो, बारीक तडे जातात, लाल रंग फिका पडतो. मग जूनमधे पाऊस आला की पाण्याला आत शिरायला फटी तयारच असतात. उन्हाळा दार उघडतो आणि पावसाळा आत येतो, असा त्यांचा जोडीचा धंदा आहे.

आणखी एक. गंज लोखंडापेक्षा खूप जास्त जागा घेतो, दुप्पट तर सहज, कधी पाच-सहापट. त्यामुळं रंगाखाली तो तयार झाला की रंगाला आतून ढकलतो आणि ओल आलेल्या भिंतीला पोपडे धरतात तसा फुगा येतो. तो फुगा दिसतो तेव्हा गंज तिथं बऱ्याच दिवसांपासून नांदत असतो.

रंग दिसतो तेवढाच नसतो

आपण गाडी घेताना काय बघतो, वरची चमक. पण गंज थांबवायचं खरं काम खालच्या न दिसणाऱ्या थरांचं असतं.

कारखान्यात लोखंडी भाग आधी गरम साबणाच्या पाण्यासारख्या द्रावणात धुवून त्याच्यावरचं तेल काढतात. मग तो फॉस्फेटच्या द्रावणातून जातो, त्यानं लोखंडावर राखाडी रंगाचा खरखरीत बारीक थर धरतो. आई कुडाची भिंत सारवायच्या आधी झाडते, पाण्याचा शिपका मारते, तेव्हा कुठं शेण-माती धरते ना, तेच काम हे. धुळीवर सारवलेलं चार दिवसात गळून पडतं. दिल्लीतला तो 1600 वर्षांचा लोहस्तंभ माहीत असेल, तो टिकला त्यात त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याचा मोठा वाटा आहे, त्यानं अंगावर फॉस्फेटचं घट्ट कवच धरलं. म्हणजे गुप्त काळातल्या लोहारांच्या हातून जे घडलं त्याच्याच जातीची युक्ती आज दुचाकीच्या कारखान्यात रोज हजारो चेसिसवर चालते.

त्यानंतर ईडी कोट. पाण्यात विरघळवलेल्या रंगाच्या हौदात चेसिस बुडवतात आणि करंट सोडतात, त्यामुळं रंग ओढला जाऊन पाईपच्या आतल्या बाजूलाही बराचसा पोचतो, जिथं कोणाचीही रंग फवारायची गन पोचणार नाही. भज्याची मिरची पिठात बुडवतो तसंच, फक्त इथं पीठ स्वतःहून मिरचीला येऊन चिकटतं. हा थर 20 मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग हे सगळं दीडशे-पावणेदोनशे डिग्रीच्या भट्टीत भाजतात. पेट्रोलच्या टाकीवर त्याच्या वर रंग, स्टिकर आणि शेवटी पारदर्शक थर येतो. सगळं मिळून किती, तर साधारण 100 मायक्रॉन, डोक्याच्या जाडसर केसाएवढं. लाखभराची गाडी आणि पाऊस यांच्या मधे एवढंच.

चेसिस, स्टँड, फुटरेस्ट, मागचं चाक धरणारा चिमटा यांच्या नशिबी तर एवढे थर नसतातच. दिसत नाही तिथं कमी थर, हा सरळ हिशोब आहे.

मग बिघडतं कुठं

धारेवर आणि वेल्डिंगवर. जवळपास नेहमी तिथंच.

भट्टीत रंग पक्का व्हायच्या आधी क्षणभर पातळ होतो, आणि पातळ झाला की तीक्ष्ण धारेवरून मागं सरतो. त्यामुळं पत्रा जिथं कापलाय त्या काठावर, भोकांच्या कडांना रंग सगळ्यात कमी उरतो. वेल्डिंगचं दुखणं वेगळं. वेल्डवर छर्रे उडालेले असतात, काचेसारखे तपकिरी ठिपके राहतात, आणि त्या काचेवर फॉस्फेट धरत नाही. वरून काळा रंग मारला की काही दिसत नाही. मी स्वतः ग्रिलच्या जोडावर घासायचा कंटाळा केला तेव्हा पुढच्या पावसात गिऱ्हाईक दारात उभं राहिलेलं आहे. कंपनीच्या लाईनवर मिनिटाला चेसिस पुढं सरकत असते, तिथं धुण्याचं पाणी वेळेवर बदललं नाही, फॉस्फेटच्या टाकीचं प्रमाण बिघडलं, की त्या दिवसाच्या सगळ्या गाड्या दिसायला एक नंबर आणि आतून कच्च्या.

आता रंग खराब दिसणं आणि रंग खराब असणं यात फरक आहे, आणि लोक इथं गोंधळतात. टाकीवर तिरपा उजेड पाडून बघा, पृष्ठभाग वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्याखड्ड्यांचा दिसला तर त्या दोषाला पेंटर लोक जगभर ऑरेंज पील म्हणतात, म्हणजे संत्र्याची सालच, विदर्भाचं नाव तेवढं लावायचं राहिलं. गनमधून उडालेले रंगाचे थेंब एकमेकात मिसळून सपाट व्हायच्या आधीच सुकले की असं होतं. दिसायला वाईट, पण त्यानं गंज येत नाही. तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला की रंग तिथून बाजूला पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो, हा मात्र वाईट, कारण खड्ड्याच्या तळाला रंग जवळपास नसतोच. तेव्हा साल दिसली तर भाव करा, डोळा दिसला तर गाडी बदलून मागा.

"पण आपल्याकडं समुद्र कुठाय?"

हा प्रश्न हमखास येतो. गंज म्हणजे मुंबई-रत्नागिरीचा आजार, आपण तर कोरडवाहू लोक. पण मीठ फक्त समुद्रात नसतं. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे, इथल्या जमिनीखालचं पाणी खारं आहे, आणि आम्ही दर्यापूरवाले तर त्याच्या मधोमध बसलोय. ह्या पाण्याचा चहा नासतो, पीक मान टाकतं, आणि माझा भाचा त्याच पाण्यानं दर रविवारी गाडी धुवून उन्हात वाळायला ठेवतो. पाणी उडून जातं, मीठ राहतं. पुढच्या रविवारी आणखी थोडं. कपड्याच्या पावडरीतही क्षार असतात, शिवाय ते टाकीवरचं मेण-पॉलिशही काढून टाकतं.

मग खतं. पोटॅशचं 50 किलोचं पोतं सीटवर आडवं टाकून आपण घरी आणतो. त्या पोत्यात अंदाजे 23 किलो क्लोराईड असतं, मिठातला गंज वाढवणारा घटक तो हाच. पोत्याच्या शिवणीतून दाणे गळतात, कॅरिअरच्या सांध्यात बसतात, आणि खताचे दाणे हवेतली ओल ओढून घेतात हे तुम्हाला उघड्या पोत्यातल्या युरियाची ढेकळं पाहून माहीतच आहे. संत्र्याच्या बागेत बोर्डोसाठी, म्हणजे बुरशीवरच्या औषधासाठी, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) कालवता तो गाडीवर सांडू देऊ नका. शाळेत खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकला की तांब्याचा होतो तो प्रयोग आठवतो का? गाडीवर तोच प्रयोग होतो, तांब्याचा थर लोखंडावर बसतो आणि त्याच्या शेजारचं लोखंड आणखी वेगानं खायला लावतो.

गोठ्यात गाडी लावणारे पुष्कळ. गोमूत्रात क्षार असतात आणि त्यातून अमोनिया सुटतो, वर कोंदट हवा. बैलाला चालतं, गाडीला नाही.

आणि आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक असते की पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, म्हणून तर कपाशी पाऊस लांबला तरी तग धरते. तीच माती मडगार्डच्या आत गोळा होऊन बसली की ओल्या पोतेऱ्यासारखी आठ-आठ दिवस लोखंडाला चिकटून राहते. वरून कोरडी दिसते, आत ओली. आणखी वाईट म्हणजे चिखलाच्या गोळ्याच्या मधे हवा कमी पोचते, कडेला जास्त, आणि अशा ठिकाणी हवा कमी असलेला भागच आतून खाल्ला जातो. म्हणून चिखल खरवडल्यावर खाली खड्डा सापडतो. चंद्रपूर, कोराडीकडच्या लोकांना कोळशाच्या धुरातला गंधक वेगळाच, तो दवात मिसळून त्याचं आम्ल होतं.

क्रोम चमकतं म्हणजे वाचतं असं नाही

सायलेन्सर आणि हँडलवरचं क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, ते असतं चमकायला आणि ओरखडे न पडायला. पाणी अडवायचं काम खालच्या निकेलचं. निकेल जाड दिलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही, पैसे वाचवायला पातळ दिलं तर बारीक छिद्रातून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात.

सायलेन्सर तर आतूनही मरतो, आणि ह्याचं कारण ऐकून बरेच जण हसतात. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब गेलात तर सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते. पण घर ते पानठेला, पानठेला ते घर, एवढंच फिरणाऱ्याच्या सायलेन्सरमधे ती वाफ थंड होऊन आतच बसते.

ई20 पेट्रोलनं टाकी गंजते म्हणतात, खरं का?

अर्धं. ई20 म्हणजे पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाणी आवडतं, ते थोडं पाणी मुरवून घेतं, पण मर्यादेपलीकडं पाणी आलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळे बसतात, आणि टाकीचा तळ लोखंडी पत्र्याचा. रोज चालणाऱ्या, भरत-रिकामी होत राहणाऱ्या टाकीत हे सहसा होत नाही. होतं ते पावसाळाभर पडवीत अर्ध्या टाकीवर उभ्या ठेवलेल्या गाडीत, झाकणाचं रबर फाटलं असेल तर आणखीच. गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे ओलही कमी.

"आमच्या बाबांची राजदूत तीस वर्षं नाही गंजली"

गंजली असणार, पण तिचा पत्रा जाड होता. दोन मिलिमीटरला गंजानं अर्धा मिलिमीटर खाल्ला तरी तुम्ही लाल रंग मारून मोकळे, आजच्या पातळ पत्र्याला तेवढ्यात आरपार भोक. पत्रा पातळ केला तो मायलेजसाठी आणि किमतीसाठी, आणि मायलेज विचारल्याशिवाय आपल्यापैकी कोणी गाडी घेत नाही, हेही तितकंच खरं. दुसरं म्हणजे ज्या शंभर राजदूत सडून भंगारात गेल्या त्या आठवायला समोर नाहीत, जी एक उरली ती बाबांची.

स्टेनलेस का वापरत नाहीत असंही विचारतात. महाग पडतं. आणि स्टेनलेस म्हणजे साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेलं पोलाद, खाऱ्या पाण्यापुढं त्यातलं स्वस्त वाणही डागाळतंच.

चूक कंपनीची की आपली, ओळखायचं कसं

दगड उडून टवका गेला आणि त्या टवक्यातून गंज पसरला, तर तो वापराचा. पण रंग कुठं फुटलेला नाही, टवका नाही, आणि रंगाखालूनच फुगा येतोय, तोही वेल्डिंगच्या जोडावर, दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, पहिल्या काही महिन्यातच, तर ते काम कारखान्यातच कच्चं झालंय. गावातल्या दोघा-तिघांच्या त्याच मॉडेलवर त्याच जागी दिसलं तर बोलायलाच नको. कधी कधी शोरूमच्या आवारातच गाडी घासली जाते आणि गल्लीतल्या पेंटरकडून टचअप करून तुमच्या गळ्यात मारतात, तिथला रंग उन्हात वेगळा दिसतो.

वॉरंटीच्या पुस्तकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की रंग फिका होणं, क्रोम गंजणं यात धरत नाही. पण उत्पादनातला दोष ही वेगळी गोष्ट आहे, आणि पुस्तकात काही छापलं म्हणून ग्राहक कायदा रद्द होत नाही. दिसल्या दिवशी तारखेसकट फोटो काढा, सर्व्हिसच्या जॉबकार्डावर "गंज" हा शब्द लिहून घ्या, ते टाळतात, अडून बसा. लेखी तक्रार द्या. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

घरी काय करायचं

चिखल ओला असतानाच साध्या पाण्यानं काढा, वाळू देऊ नका. खारपाण पट्ट्यात असाल तर शेवटचे दोन बादल्या पाणी नळाचं किंवा पावसाचं, पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी बादलीत धरलं तरी चालतं. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसा आणि एक चक्कर मारून या, सांध्यातलं पाणी निघून जातं. साबण हवाच तर डोक्याला लावायचा शाम्पू एक पुडी. प्रेशरची गन बेअरिंगवर आणि वायरींवर जवळून मारू देऊ नका.

सर्व्हिसिंगवाले डिझेल मारतात, गाडी चमकते, पण डिझेलनं रबर फुगतं आणि दोन दिवसात त्यावर धूळ बसून राबडा होतो. जळालेलं इंजिन ऑईल चेसिसला चोपडायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, पाणी अडतं हे खरं, पण जळालेल्या ऑईलमधे आम्लं झालेली असतात आणि ते गळून विहिरीजवळच्या मातीत जातं. त्यापेक्षा कोरं ऑईल फडक्याला लावून बारीकसा हात फिरवा, फक्त टायर, डिस्क आणि ब्रेकला लागू देऊ नका. ताडपत्रीनं गाडी घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, खालून हवा खेळली पाहिजे.

गंज दिसलाच तर त्यावर रंग मारून झाकू नका, माझ्याकडं येणारे निम्मे लोक हेच करून येतात. पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरनं पुसा, बोट लावू नका, बोटाच्या घामातही मीठ आहे. त्यावर प्रायमर, वाळू द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. आम्ही गेटला रेड ऑक्साईड मारतो ना, त्याचा लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड, जे आधीच पूर्ण गंजून बसलंय ते आणखी काय गंजणार. चेसिसला मात्र झिंक फॉस्फेटवाला प्रायमर मिळाला तर तो घ्या.

भाच्याच्या गाडीचं काय झालं, तर स्टँडच्या ब्रॅकेटवर दोन्ही बाजूंनी जोडाखालून फुगे होते, ते आम्ही फोटोसकट लिहून दिलं आणि तिसऱ्या फेरीत शोरूमनं तो भाग बदलून दिला. कॅरिअरचा गंज मात्र पोटॅशच्या पोत्याचा होता, तो मी माझ्याच दुकानात घासला. प्रायमर मारून ठेवलाय, रंगाला तो अजून आलेला नाही, म्हणतो सोयाबीन काढणी झाल्यावर येतो.